कर्ण्यात काहीच नाही

आमच्या घरातून कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर ऐकल्याशिवाय बाहेर जात नाही. ऐकणं म्हणजे गाणं लावून ऐकणं नव्हे, ते कुणालाही जमतं. आमच्याकडे अ‍ॅम्प नुसता चालू करतात, त्यात गाणंबिणं काही सोडत नाहीत आणि तो किती गप्प बसतो ते ऐकतात. अ‍ॅम्प बनवायचं काम माझं. त्याचं गप्प बसणं ऐकायचं काम माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं.

त्या वेळी घराचा नूर बदलतो. आधी फ्रिजचा प्लग काढायचा, मग पंखा बंद, मग खिडक्या. मग नवऱ्याला बजावायचं की आता बिस्किटाचा पुडा उघडायचा नाही, कारण त्याला नेमकी तेव्हाच भूक लागते. मामंजी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात, बुटक्या स्टुलावर बसतात आणि उजव्या कर्ण्याच्या तोंडाला कान लावतात. कर्णे म्हणजे भोंग्यासारखे जुने स्पीकर; दोन आहेत, पत्र्याचे, एकेकाचं तोंड कपड्यांच्या मोठ्या टोपलीएवढं. डाव्या कर्ण्यात आमचा बोका झोपलेला असतो. त्याचं नाव मॅनेजर, कारण काम काही करत नाही आणि सगळ्यांवर नजर ठेवून असतो.

बराच वेळ कुणी हलत नाही. मग मामंजी म्हणतात, "जाऊ दे," किंवा म्हणतात, "अजून नाही." 'जाऊ दे' असेल तर अ‍ॅम्प उलटा करून बुडाच्या पत्र्यावर जाड मार्करनं एकच शब्द लिहितात, 'ऐकलं'. गिऱ्हाईक घरी नेल्यावर आधी अ‍ॅम्प उलटा करून तो शब्द बघतं, मग सरळ करतं.

हे कर्णे मूळचे थिएटरचे. मामंजी तिथं आयुष्यभर आवाजाच्या केबिनमध्ये होते. तिथले लोक त्यांना 'कान'च म्हणायचे. "कानाला विचार", "कान आले का?" असं चालायचं. पडद्यामागच्या कर्ण्याचा एक स्क्रू ढिला झाला तर ते केबिनमध्ये बसून सांगायचे, तोही कुठला ते. थिएटर बंद पडलं तेव्हा खुर्च्या एकानं नेल्या, पडदा दुसऱ्यानं नेला, कर्ण्यांना कुणी विचारेना. मामंजींनी ते टेम्पोत घालून घरी आणले. त्या दिवशी आमचा सोफा गॅलरीत गेला. माझं लग्न झालं तेव्हा या घरात बसायला सोफा होता, असं मी पाहुण्यांना सांगते, तर त्यांना ती जुन्या वैभवाची गोष्ट वाटते.

कर्ण्यांबरोबर व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेचे दिवे पेटणारा, एक जुना अ‍ॅम्पही आला होता. शेगडीएवढा तापायचा. एक दिवस त्यानं धूर काढला आणि मान टाकली. मग घरात दोन मोठी तोंडं उघडी, आणि शब्द नाही. मामंजी त्यांच्यासमोर वर्तमानपत्र घेऊन बसायचे. पान उलटायचं विसरायचे.

मी तेव्हा शिवणयंत्रं दुरुस्त करत होते. मला कुणी शिकवलं नव्हतं. सासूबाईंचं यंत्र बिघडलं, उघडलं, लावलं, उरलेला एक स्क्रू आजही डबीत आहे. त्याच हिमतीवर मी बाजारातून क्लास डी अ‍ॅम्पचा तयार बोर्ड आणला. तळहातात मावेल एवढा.

नवरा म्हणाला, "क्लास डी? म्हणजे ड तुकडी? अगं, निदान ब तुकडीतला तरी आणायचास."

त्याला मी नळाचं उदाहरण दिलं. साधा अ‍ॅम्प नळ अर्धवट उघडा ठेवतो, कमीजास्त करत बसतो, त्यात अर्धी वीज तापण्यातच जाते. क्लास डी नळ पुरता उघडतो किंवा पुरता बंद करतो, पण सेकंदाला लाखो वेळा. पुढं एक कॉइल आणि एक कपॅसिटर बसवलेले असतात, ते हे सगळे धक्के एकसंध धार करून सोडतात. तापत नाही, जागा खात नाही, वीज वाचवतो.

"म्हणजे ड तुकडीतली पोरंच बरी," नवरा म्हणाला. त्याचं उभं शिक्षण त्याच तुकडीत झालं होतं.

बोर्ड वाजला. कर्णे पुन्हा बोलायला लागले, मामंजींनी डोळे मिटले, सगळं छान. पण गाणं थांबलं की मागं बारीक 'स्स्स' उरायचं, शेजारच्या खोलीत कुणी नळ पुरता बंद न करता गेल्यासारखं. ही खोड बोर्डाची नव्हती. बाजारातले बोर्ड आजच्या स्पीकरांसाठी बनवतात, आणि आजचे स्पीकर कानानं मंद. त्यांच्यापुढं ओरडावं लागतं. कर्ण्यांचं तसं नाही. त्यांच्याशी कुजबुजलं तरी ते थिएटर भरतात. तेव्हा ओरडायची सवय लागलेल्या अ‍ॅम्पनं नुसता श्वास घेतला तरी कर्णा तो चारचौघांत सांगतो.

त्या पहिल्या दिवशीच मॅनेजर कर्ण्यातून उठला, शेपटी झटकून स्वयंपाकघरात गेला आणि मामंजी म्हणाले, "गप्प बसत नाही हा."

मग मी तसे आणखी बोर्ड आणून त्यांना गप्प बसवायच्या मागं लागले. अ‍ॅम्पचं जोरात बोलणं कमी केलं, म्हणजे दोनचार रेझिस्टर बदलले. वीज देणारा भाग लांब नेला, तारांना पीळ घातला, बोटं भाजली, तीन बोर्ड जाळले. शेवटी एक दिवस मॅनेजर उठलाच नाही आणि मामंजी म्हणाले, "जाऊ दे." तो आमचा पहिला 'ऐकलं'.

अशा जुन्या कर्ण्यांवर जीव टाकणारी माणसं सगळीकडं थोडी थोडी असतात, आणि ती एकमेकांना कशी कोण जाणे सापडतात. त्यांना शेकडो वॉट नको असतात. त्यांना गप्प बसणारा अ‍ॅम्प हवा असतो. ती माझ्याकडे यायला लागली. म्हणजे अ‍ॅम्पसाठी माझ्याकडे, आणि त्या एका शब्दासाठी मामंजींकडे. मामंजी पुन्हा दाढी वेळेवर करायला लागले.

त्यात एक चष्मेवाला आला. गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान असलेला, पोटावर पट्टा घट्ट बांधणारा, अतिशय नेटका माणूस. त्याच्याकडे कुठल्याशा जुन्या सभागृहाचे कर्णे होते आणि बाजारातला अ‍ॅम्प. "वहिनी, इतकं स्स्स करतो की मी गाणी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो," तो म्हणाला. "स्पीकर एका खोलीत, मी दुसऱ्या. बायको म्हणते, याला संसार म्हणतात."

त्याचा अ‍ॅम्प तयार झाला तेव्हा त्यानं विचारलं, काका ऐकताना मी समोर बसू का? मामंजींना प्रेक्षक आवडतात. 'या,' म्हणाले.

चष्मेवाला दारात आला आणि त्यानं ओळीनं शिंका दिल्या.

"मांजर आहे का घरात?"

नवऱ्यानं मॅनेजरला उचलून स्वयंपाकघरात कोंडलं. आतून त्यानं दाराला नखं लावून तक्रार नोंदवली, मग गप्प झाला.

मी माझा तो पहिला, स्स्स करणारा बोर्ड डब्यात जपून ठेवला आहे, नमुना म्हणून. गिऱ्हाइकाला आधी तो ऐकवायचा आणि मग नवा. कापडाच्या दुकानात आधी जाडंभरडं उलगडून दाखवतात तसं. तो मी कर्ण्यांना जोडला, बटण दाबलं आणि 'हा नमुना आहे हं' असं म्हणायला तोंड उघडणार, तोच फ्रिजचा प्लग निघाला, पंखा थांबला, आणि मामंजी चष्मा पुसून स्टुलावर बसलेसुद्धा. चष्मेवाल्यानं अदबीनं हातांची घडी घातली. त्या अदबीत माझं बोलणं राहून गेलं. म्हटलं, बसू दे, स्स्स ऐकून आत्ता स्वतःच म्हणतील.

खोलीत स्स्स भरून राहिलं होतं. नवऱ्याला ऐकू येत होतं, चष्मेवाल्याला येत होतं, मला तर दातांत येत होतं.

मामंजींनी कान लावला. डाव्या कर्ण्याकडे बघितलं. तिथं बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी पाहुण्यासमोर असावं तसं हसरं तोंड करून उभी होते.

"जाऊ दे," मामंजी म्हणाले. "एकदम गप्प. असा गप्प मी बऱ्याच दिवसांत ऐकला नाही."

बोर्ड बोलतच होता.

चष्मेवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. नवरा माझ्याकडे. मी घाईनं बटण बंद केलं आणि म्हणाले, "मामंजी, अहो नवा अजून लावलाच नाही मी. हा डब्यातला."

"डब्यातला?"

"तो स्स्सवाला. नमुन्याचा."

"हां हां." ते हसले. एक हात मार्करकडे गेला होता, तो त्यांनी टोपण उघडून पुन्हा लावून परत आणला. "मॅनेजर कुठाय?"

"स्वयंपाकघरात. यांना शिंका येतात."

"हं," मामंजी म्हणाले. स्टुलावरून उठताना त्यांनी कर्ण्याच्या कडेला धरलं. "आज राहू दे. आज माझे कान भरल्यासारखे झालेत. हवा बदलली की होतं असं." आणि आपल्या खोलीत गेले.

चष्मेवाल्याला जिन्यापर्यंत सोडायला मी गेले. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला.

"वहिनी, एक विचारू? काका ऐकायला चष्मा का लावतात?"

मी म्हणाले, "सवय." तो मान हलवून उतरला. मी मात्र जिन्यातच उभी राहिले. चष्मा. स्टूल नेहमी असं ठेवायचं की तोंड डाव्या कर्ण्याकडे होईल. मॅनेजर उठून गेला की 'अजून नाही', मॅनेजर झोपून राहिला की 'जाऊ दे'. वॉशिंग मशीनची टीं-टीं त्यांना कधीच ऐकू येत नाही, ते आम्ही पुरुषी स्वभावात धरलं होतं. आणि हल्ली ते सारखे म्हणतात, तुम्ही सगळे पुटपुटता.

माझ्या एवढ्या अ‍ॅम्पना एका बोक्यानं पास केलं होतं.

"सांगून टाकू," नवरा स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाला. हळू कशाला, तेच कळेना. "कानाच्या डॉक्टरकडे नेऊ."

"सांग मग."

"मी? माझे वडील आहेत ते. मी कसं सांगू? तुझे सासरे आहेत, तू सांग."

"काय सांगू? की तुम्ही कान होतात, आता राहिला नाहीत?"

नवऱ्यानं बिस्किटाचा पुडा उघडला आणि एकही न खाता बंद केला.

चष्मेवाल्याचा अ‍ॅम्प टेबलावर फडक्याखाली झाकून राहिला. मी रोज म्हणायचे, "मामंजी, बघता का जरा?" ते म्हणायचे, "आज नको." मॅनेजर आपल्या जागी येऊन झोपला होता, पण त्यांनी आता त्याच्याकडेही बघणं सोडलं. दाढी वाढली. आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "सूनबाई, या कर्ण्यांना कुणी घेणारा असेल तर बघ. त्या चष्मेवाल्यालाच विचार. गॅलरीतला सोफा आत घ्या. पाहुणे उभे राहतात, बरं दिसत नाही."

सोफा परत यावा म्हणून मी किती वर्षं बोलत होते! आता तो येणार म्हटल्यावर मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

त्याच दुपारी चष्मेवाल्याचा फोन आला. मला वाटलं, अ‍ॅम्पची विचारणा. तो म्हणाला, "काकांचा चष्मा नाकावरून घसरतो, त्या दिवशी बघितलं मी. घेऊन या, नाकाच्या गाद्या बदलून देतो."

मामंजी आले, कारण चष्मा खरंच घसरत होता. दुकान त्याच्यासारखंच नेटकं. काचेची कपाटं, एक उंच खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. त्यानं गाद्या बदलल्या, दांड्या गरम करून वाकवल्या, मग सहज म्हणाला, "आलाच आहात तर वाचा जरा."

मामंजींनी वरून खालपर्यंत धडाधड वाचलं. शेवटची बारीक ओळसुद्धा.

"पाठ करून नाही ना आलात?"

"अहो पाठ कशाला करू? दिसतंय मला."

"करतात लोक. माझ्याकडे एक बसचालक येतात. बाहेरच्या बाकावर बसून शेवटची ओळ पाठ करायचे आणि आत येऊन म्हणून दाखवायचे. मी दर वेळी शाबास म्हणायचो. एकदा तक्ता फाटला म्हणून नवा लावला, तर यांनी जुनीच ओळ म्हटली. खणखणीत!"

मामंजी मोठ्यानं हसले. मग हसू हळूहळू खाली आलं.

"मग? ओरडलात त्यांच्यावर?"

"ओरडून काय करू? त्यांना बस चालवायची होती हो. फसवायचं थोडंच होतं? मी म्हटलं, तक्ता राहू द्या, तुम्हाला काय दिसतं ते सांगा. मग काय दिसत नाही ते माझ्यावर सोडा."

मामंजींनी नवा बसवलेला चष्मा काढला, हातात फिरवला. मी कपाटातल्या चौकटी बघत असल्याचं नाटक करत होते.

"मांजर," मामंजी म्हणाले.

"काय?"

"माझा तक्ता. मांजर आहे." माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, "सूनबाई, चौकटी बघणं पुरे. तुला कळलंय ते मला माहीत आहे. जिन्यातून वर आलीस तेव्हा दारातून बघितलं मी, पाहुणे गेल्यासारखी नव्हतीस, पाहुणे आल्यासारखी तोंड सावरून होतीस."

मी जवळ जाऊन एका स्टुलावर बसले. "सगळे अ‍ॅम्प, मामंजी?"

"सुरुवातीला थोडं येत होतं कानावर. मग कमी कमी. पण एक लक्षात घे, बोका चुकला नाही कधी. तुझा माल सगळा चांगला गेलाय. त्याला तर मी पगार द्यायला पाहिजे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी बोका नव्हता. मग तुझ्या तोंडाकडे बघितलं. तुझं तोंड म्हणत होतं, सगळं ठीक आहे." त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "मांजरापेक्षा माणसावर विश्वास ठेवला, तिथं फसलो."

चष्मेवाला हसला, आणि मीही हसले, मग मला रडू आलं म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. पर्समध्ये एक स्क्रू-ड्रायव्हर आणि कॉइलची तार निघाली.

"आम्हाला सांगायचं नाही का?"

"काय सांगू?" मामंजी म्हणाले. "घरात मला एकच काम आहे."

परत येताना ते कोपऱ्यावर थांबले आणि अगदी केबिनमधल्या आवाजात म्हणाले, "मोजायचं. कुठपर्यंत येतं आणि कुठून येत नाही, ते आधी आपण मोजायचं. आपल्याच कर्ण्यांवर. डॉक्टरचं मग बघू."

फ्रिजचा प्लग काढला. चष्मेवाल्याच्या अ‍ॅम्पवरचं फडकं निघालं. मी फोन जोडला; त्यात एक साधन आहे, नुसता सूर काढतं, खालपासून वरपर्यंत, हवा तसा. ठरलं असं की ऐकू येतंय तोवर प्रत्येकानं बोट वर ठेवायचं. मामंजींनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मॅनेजर डाव्या कर्ण्यात होता, त्याला कुणी विचारलं नाही.

मी सूर खालून सुरू केला, पार जमिनीतून आल्यासारखा. सगळ्यात आधी मामंजींचं बोट वर गेलं, मग आमची. मी चढवत गेले. माणसाच्या बोलण्याची पट्टी आली, शिटीची आली. आणि मग, सूर अजून चांगला मोठ्यानं वाजत असताना, मामंजींचं बोट खाली आलं. किती लवकर! मला वाटलं हात दुखला असेल. त्यांनी आमची वर असलेली बोटं बघितली आणि एकदा मान हलवली.

"इथं काय काय असतं?" त्यांनी विचारलं.

"स आणि श असतात," मी म्हणाले. "बोलण्यातले."

"म्हणून पुटपुटता होय तुम्ही सगळे."

मला थांबावंसं वाटलं. पण ते म्हणाले, "चालू ठेव, बघू दे पुढं काय होतं." मी चढवला. नवऱ्याचं बोट खाली आलं. आणखी थोडं वर, आणि माझं मलाच कळलं, काहीच येत नाहीये. फोनवर आकडे चढत होते, कर्ण्यातून काहीतरी बाहेर पडत होतं आणि घरातल्या एकाही माणसाला ते ऐकू येत नव्हतं. मॅनेजरचे कान उभे राहिले. आधी एक वळला, मग दुसरा. त्यानं आमच्या तिघांकडे तुच्छतेनं बघितलं, उठला आणि गॅलरीतल्या सोफ्यावर जाऊन पडला.

मामंजी त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्या खाली आलेल्या बोटाकडे.

"म्हणजे तुझंही संपतं कुठंतरी."

"संपतं की."

"बरं," मामंजी म्हणाले. त्यांच्या आवाजात इतके दिवस नव्हती ती ऊब होती, आणि ती माझ्या कानाच्या मर्यादेमुळे आली होती, याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मी फोन काढला. अ‍ॅम्प नुसता चालू राहिला, काहीही न लावलेला. मामंजींनी बिनचष्म्याचा कान कर्ण्याला लावला, आणि या वेळी त्यांनी डोळे मिटले होते.

"खाली काहीतरी आहे," ते म्हणाले. "घूं."

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की, हो म्हण. मी हो म्हटलं नाही. झाकण उघडलं. विजेची एक तार आवाजाच्या तारेला खेटून गेली होती; गडबडीत माझ्याकडूनच राहिलं होतं ते. मी ती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं हळूहळू बाजूला सारत गेले.

"अजून आहे. आहे. कमी झाली... गेली. तिथंच ठेव, हात काढ."

मी मीटर लावला. घूं-घूं जितकी हवी तितकी उतरली होती. मामंजींना मी ते सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरज नव्हती.

त्यांनी अ‍ॅम्प उलटा केला, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि लिहिलं, 'खालचं ऐकलं'. मग मार्कर माझ्यापुढं धरला.

"वरचं तू."

"मी? अहो, बनवला मीच आहे. माझ्या सहीला काय अर्थ?"

"सही कोण मागतंय? ऐक आधी. आणि डॉक्टरकडे कधी जायचं ते ठरवा. ते कानात घालायचं यंत्र देतात ना, त्यात कुठला अ‍ॅम्प असतो ते मात्र आधी बघून ठेव. भलतासलता नको मला."

"ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "क्लास डी. तापत नाही, जागा खात नाही, वीज वाचवतो."

"ड तुकडी," नवरा म्हणाला.

"घरचाच म्हणायचा," म्हणाले मामंजी, आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

इतके अ‍ॅम्प बनवले, पण कर्ण्याला कान लावून मी कधी बसले नव्हते. पत्रा गार होता. आत थिएटरचा जुना वास अजून होता, धुळीचा आणि लाकडाचा. आधी मला माझाच श्वास ऐकू आला, मग नवऱ्याचं पोट. त्यानंतर जे होतं ते नुसतं लांबवर पसरलेलं, मोठं, रिकामं. त्यात स्स्स आहे का? आहे असं वाटलं. नाही असं वाटलं. असल्याचं वाटण्याइतकंच नसल्याचं वाटत होतं, आणि 'जाऊ दे' म्हटलं की ते माझ्या शब्दावर दुसऱ्याच्या घरी जाणार होतं. हे काम त्यांनी इतके दिवस एकट्यानं केलं होतं, तेही न ऐकू येता.

तेवढ्यात मॅनेजर गॅलरीतून परत आला. डाव्या कर्ण्याच्या कडेवर त्यानं पुढचे दोन पाय ठेवले आणि आत जावं की न जावं याचा विचार करत थांबला. माझी मान आपोआप तिकडे वळायला लागली.

"ए," मामंजी म्हणाले. "तिकडे बघायचं नाही."